मोटारीची गळकी टाकी व तिची दुरुस्ती

मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार झालेली व १९७४ सालापासून 'प्रीमियर पद्मिनी' या नांवानें ओळखली जाणारी लहानखुरी मोटार तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तथापि कित्येक घरांच्या अंगणांत ती अद्याप उभी आहे, व रविवारीं धुऊनपुसून बाहेर काढिली जाते. अशा मोटारीखालीं एखाद्या सकाळीं ओलसर डाग दिसतो, पेट्रोलचा वास येतो, आणि घरांतील मंडळी म्हणतात, "टाकी झिरपते आहे, रिकामी करून डाख लावून आणूं." या वाक्यांतील 'रिकामी' हा शब्द फार फसवा आहे. तो कसा, हें सांगणें हा या पाठाचा मुख्य हेतु होय.

प्रथम गळती टाकीचीच आहे काय, हें पाहावें. टाकींतून एंजिनाकडे पेट्रोल जातें तें नळीनें. भरावयाच्या तोंडापासून टाकीपर्यंत येतें तें रबरी गळ्यानें. आणि किती पेट्रोल उरलें हें दाखविणारें तरंगतें यंत्र टाकीच्या अंगांत एका चकतीवर बसविलेलें असतें. यांपैकीं कोठूनहि पेट्रोल पाझरूं शकतें. टाकी कांठोकांठ भरल्यावरच वास येत असेल, तर दोष बहुधा वरच्या गळ्यांत किंवा त्या चकतीशीं असतो. थोडकें पेट्रोल असतांहि थेंब पडत असतील, तर तो तळाशीं किंवा खालच्या सांध्यांत असतो. पेट्रोल चटकन उडून जातें, म्हणून नेमकी जागा सांपडत नाहीं. येथें आपल्या वर्गांतील खडू उपयोगी पडतो. टाकीचा बाहेरील भाग पुसून कोरडा करावा, व त्यावर खडूची बारीक पूड फडक्यानें चोळावी. जेथें छिद्र असेल तेथें पांढऱ्या पुडीवर प्रथम ओला ठिपका उमटतो. हें काम उघड्या जागीं, दिवसाच्या उजेडांत करावें. उजेडासाठीं पेटती काडी घेऊन मोटारीखालीं शिरणाऱ्या मनुष्यास काय म्हणावें, हें मी वाचकांवर सोपवितों.

जुन्या मोटारींच्या टाक्या बहुधा शिसें व कथील यांच्या मिश्रणाचा पातळ लेप दिलेल्या पोलादी पत्र्याच्या करीत. लेप झिजला कीं पत्रा गंजतो. आणि हा गंज पुष्कळदां आंतून लागतो, हें बहुतेकांस ठाऊक नसतें. अर्धवट भरलेल्या टाकींतील मोकळ्या जागेंत हवा असते. रात्रीं पत्रा थंड झाला म्हणजे त्या हवेंतील बाष्पाचें दंव होऊन तें आंतल्या बाजूंवरून खालीं उतरतें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, तर एक लिटर पेट्रोलचें सुमारें पाऊण किलो. म्हणून पाणी तळाशीं जाऊन बसतें, आणि तेथेंच मुक्कामास राहतें. कोंकणांतल्या दमट हवेंत पावसाळाभर अर्ध्या टाकीनिशीं उभ्या ठेवलेल्या मोटारीची टाकी तळाशीं कां सडते, याचें मर्म हें. त्यांत अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे. आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२२ मध्यें शेंकडा १० झालें, व २०२५ मध्यें तें शेंकडा २० पर्यंत पोंचलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें. पाण्याचें प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलें कीं पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात व तळाशीं वेगळा थर करितात. पूर्वीच्या रबरी नळ्याहि या मिश्रणासाठीं बनविलेल्या नव्हत्या. त्या फुगतात व चिरतात. सबब टाकी उतरविली कीं नळ्याहि नव्या घालाव्या.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानें १८६० सालच्या नाताळांत लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं मेणबत्तीविषयीं व्याख्यानें देण्यास आरंभ केला. मेणबत्तीचा एक प्रयोग तुम्हीहि वडील माणसांच्या देखत करून पाहावा. जळती मेणबत्ती हळूच विझवावी, व वातीवरून निघणाऱ्या धुरास दोन बोटें अंतरावर पेटती काडी लावावी; ज्योत धुरांतून उडी घेऊन वातीवर येऊन बसते. यावरून पातळ मेण जळत नसून मेणाची वाफ जळते, हें दिसून येतें. पेट्रोलचेंहि तसेंच आहे. अंतर एवढेंच कीं, मेणाची वाफ होण्यास ज्योतीची उष्णता लागते, आणि पेट्रोल मात्र शून्याखालीं सुमारें ४० अंश सेंटिग्रेडच्या थंडींतहि पेट घेण्याइतकी वाफ सोडीत असतें. ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. म्हणून ती वर न जातां जमिनीलगत पसरते व खड्ड्यांत सांचते.

परंतु वाफ आहे म्हणून ती पेटेलच असें नाहीं. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा सुमारें १.४ पासून ७.६ पर्यंत असेल तरच ज्वाला पसरते. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरें पडतें, अधिक असेल तर हवा अपुरी पडते. भरलेल्या टाकींत पेट्रोलच्या वर जी थोडी जागा असते, तींत वाफ सामान्यतः इतकी दाट असते कीं, ती या मर्यादेपलीकडे गेलेली असते. आतां टाकी रिकामी करा, आणि पाटीवर हिशेब मांडून पाहा. टाकी ४० लिटरची धरूं. एक मिलिलिटर पेट्रोलची वाफ साधारण १८० मिलिलिटर होते. चहाच्या एका चमच्याएवढें, म्हणजे ५ मिलिलिटर पेट्रोल आंत राहिलें, तर त्याची वाफ ९०० मिलिलिटर झाली. ४० लिटरांत तिचें प्रमाण शेंकडा सव्वादोन पडतें. म्हणजे तें बरोबर त्या दोन मर्यादांच्या आंत येऊन बसलें! आणि टाकी उलटी करून झटकली तरी एवढें पेट्रोल आंत राहतेंच. कारण पेट्रोल हिंदकळूं नये म्हणून टाकीच्या पोटांत आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात, व त्यांच्या सांदींत आणि जुन्या चिकट थराखालीं तें लपून बसतें. भरलेल्या टाकीस आंच लावावी, असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. ती बाहेरून जळेल. रिकामी मात्र बाँबसारखी फुटेल.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. पेट्रोल काढण्यासाठीं नळीस तोंड लावून ओढण्याची जी रीत ठिकठिकाणीं दिसते, ती सर्वस्वी टाकाऊ आहे. एक घोट फुप्फुसांत उतरला तर जिवावर बेततें. हातपंपानें तें झांकणाच्या, धातूच्या डब्यांत घ्यावें. प्लॅस्टिकच्या बादलींत नव्हे, कारण वाहत्या पेट्रोलमुळें विजेचा भार सांचतो, व प्लॅस्टिकवरून तो निघून जात नाहीं. शाळकरी मुलांनीं दूर उभें राहून पाहावें, हात लावूं नये. टाकी उतरल्यावर कढत पाण्यांत धुण्याचा सोडा घालून ती वारंवार खळखळून धुवावी, व नंतर वाफेनें बराच वेळ शेकावी. इतकें करूनहि डाख लावतांना छिद्र वर येईल अशी टाकी धरून तींत पाणी भरावें, व छिद्राखालीं थोडीशीच जागा मोकळी ठेवावी. म्हणजे पेट्रोलची वाफ सांचण्यास ठावच उरत नाहीं. "डाखास कसली आग?" असें कित्येक विचारतात. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांवर वितळूं लागतो, हें खरें. परंतु डाख लावण्याचें तापलेलें लोखंड बहुधा ३०० अंशांच्या वर असतें, आणि पेट्रोलची वाफ २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान ज्योतीवांचूनच पेट घेते. वेल्डिंगची आंच तर याहून कितीतरी प्रखर. हें काम रेडिएटर व टाक्या दुरुस्त करण्याचा अनुभव असलेल्या कारागिरासच द्यावें, आणि तो टाकी न धुतांच कामास लागला तर ती उचलून परत आणावी.

वाटेंत गळती लागली तर जुने ड्रायव्हर कपड्यांचा साबण मळून भेगेंत दाबतात. साबण पेट्रोलमध्यें विरघळत नाहीं, म्हणून ही युक्ति कांहीं काळ चालते. तिला दुरुस्ती म्हणूं नये.

सांधावी कीं बदलावी? माझें मत असें कीं, दगड लागून पडलेली चीर सांधावी, गंजून पडलेलें छिद्र सांधूं नये. गंजाचें छिद्र एकटें नसतें. शेजारचा पत्रा पातळ झालेला असतो, व एका ठिगळाच्या कडेस दुसरें भोंक पडतें. गाळणींत तांबूस भुकटी येऊं लागली कीं निर्णय झालाच म्हणावयाचा. जुन्या बाजारांतील टाकी बहुधा तितकीच म्हातारी असते. ती हलवून पाहावी, भुकटी खुळखुळली तर परत द्यावी. कारागिराकडून मापाची नवी टाकी करून घेतल्यास हवा आंत येण्याची बारीक वाट ठेवावयास सांगावें. ती नसेल तर पेट्रोल उपसलें जातांना आंत निर्वात होतो, पंप ओढीनासा होतो, व मोटार चढावर बंद पडते. नवी टाकी बसविल्यावर पांचच लिटर पेट्रोल भरून रात्रभर उघड्यावर ठेवावी, व सकाळीं पुनः खडूची पूड चोळावी.

राहिली जुनी टाकी. ती बहुधा भंगारवाल्याकडे जाते, आणि तेथें एखादा पोरगेला कामगार ती गॅसच्या ज्योतीनें कापावयास घेतो. तिच्या पोटांत काय होतें, हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. ती सोड्याच्या पाण्यानें धुऊन, पाण्यानें कांठोकांठ भरून द्यावी, व 'ही पेट्रोलची टाकी आहे' हें त्याला स्वतः तोंडानें सांगावें.