बॅनरवरची बोट

मी विचारलं होतं. हे आधीच सांगते, कारण आमची ही हकीकत ऐकून प्रत्येकजण पहिल्यांदा तेच म्हणतो, "अगं, पण आधी नीट विचारायचं ना!" कळंगुटच्या रस्त्यावर त्या टेबलापुढे उभं राहून मी एकेक गोष्ट विचारली होती. कॅटामरानच आहे ना? हो मॅडम. धक्क्यावरून चढायचं ना, पाण्यात उतरावं लागणार नाही ना? नाही मॅडम, मांडवी जेट्टी. टॉयलेट? एकदम क्लीन. शाकाहारी जेवण? जैनसुद्धा मिळेल. सकाळचीच फेरी ना? साडेआठला मॅडम, दीडपर्यंत हॉटेलवर परत. त्याने माणशी बत्तीसशे रुपये सांगितले. थोडं पुढे चालत गेलं तर ग्रँड आयलंडची साधी फेरी पंधराशेला ओरडून विकत होते. वरचे सतराशे मी त्या बोटीसाठी दिले आणि ती बोट मिळाली असती तर आजही ते मला जास्त वाटले नसते.

कॅटामरानचा हट्ट चैनीसाठी नव्हता. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या आहेत आणि त्यांना तासा-दीड तासाने जावं लागतं. दोन अरुंद होड्या समांतर ठेवून त्यांच्यावर एकच रुंद डेक टाकावा, अशी ही रचना असते. रुंदीमुळे ती साध्या बोटीसारखी एका अंगावर कलंडत नाही, डेकवर चालता येतं, बसायला सावली असते, आणि बऱ्याचशा कॅटामरानवर खाली छोटा संडास असतो. पुढच्या दोन टोकांच्या मधे जाळी ताणलेली असते. तिच्यावर पालथं पडून मुलं खालून पळणारं पाणी बघतात. मुलांसाठी जाळी, आईंसाठी सावली आणि संडास, असा सरळ हिशेब होता. बॅनरवर हे सगळं होतं. पांढरीशुभ्र बोट, जाळी, आणि मागे हवेत पूर्ण उडी मारलेले डॉल्फिन.

साडेआठला टेंपो ट्रॅव्हलर आला नाही. सव्वानऊला आला आणि जेट्टीच्या दिशेने न जाता आधी बाग्याला गेला. तिथून एक कुटुंब, मग कळंगुटला परत येऊन एका गल्लीतून चार मुलगे, मग कांदोळीला एका हॉटेलसमोर पंचवीस मिनिटं थांबून एक जोडपं, ज्यांची आंघोळ व्हायची होती. "हाफ डे" मधला निम्मा भाग म्हणजे दुसऱ्यांची हॉटेलं बघणं, हे कुठल्याच बॅनरवर नसतं. आमच्यासोबतचे दीपकभावजी पुढे बसून ड्रायव्हरशी गोड बोलत होते, पण मी रस्ता बघत होते. पणजीच्या बाजूला जायचं तर कांदोळीच्या पुढे गाडी नेरुळकडे (आपल्या नव्या मुंबईतलं नव्हे, तिथलं) डावीकडे वळायला हवी. ती वळली नाही. सरळ सिकेरीच्या दिशेने गेली. मी नवऱ्याला, प्रशांतला, म्हटलं, "आपण किनाऱ्यावर चाललोय, जेट्टीवर नाही." तो म्हणाला, "तुला काय माहीत?" मला नकाशा वाचता येतो, एवढंच मला माहीत होतं.

किनाऱ्यावर पोचलो तर धक्का नाही, पायऱ्या नाहीत. वाळू आणि गुडघाभर पाण्यात डोलणारी एक फायबरची बोट. एकच बूड, मागे दोन इंजिनं, वर ताडपत्रीचं छत, आणि आडवी बाकं. लोखंडी शिडी बाजूला लटकवलेली. मी टेबलवाल्याला फोन लावला. पहिल्यांदा तो म्हणाला, "मॅडम, कॅटामरान सर्व्हिसिंगला गेलीय, ही पण त्याच कॅटेगरीची आहे." दुसऱ्यांदा म्हणाला, "ही जास्त फास्ट आहे." तिसऱ्यांदा म्हणाला, "मी फक्त बुकिंग घेतो, बोट माझी नाही." त्यानंतर फोन लागला नाही.

आणि मग ती वही. बोटीवरच्या माणसाच्या हातात दोनशे पानी वही होती, तो त्यात नावांवर खुणा करत होता. मी शेजारी जाऊन बघितलं. आमची सहा नावं, पुढे "साधी", आणि पुढे आकडा: आठशे. माणशी आठशे. त्याच्याकडे कॅटामरान नव्हतीच, आजही नव्हती आणि कधीच नव्हती. त्याला कोणी तसं सांगितलंही नव्हतं. कळंगुटच्या टेबलावर आम्ही जे विकत घेतलं ते गोव्यात कुठे तरंगत होतं की नाही, देव जाणे. टेबलवाल्याने कुणा मधल्याला नावं दिली, मधल्याने या वहीवाल्याला, आणि बत्तीसशेतले चोवीसशे वाटेत कुणाच्या तरी खिशात राहिले. वहीवाला तसा बरा माणूस होता. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही त्यांना किती दिले ते आम्हाला विचारू नका, आम्हाला वाईट वाटतं." त्याच्यावर राग काढता येईना, आणि ज्याच्यावर काढायचा तो फोन उचलेना. मला सगळ्यात झोंबलं ते हे.

मी म्हटलं, परत जाऊ. पण आई! "पैसे दिलेत ना? मग चला." ही पिढी बुडालेल्या पैशाच्या मागे स्वतः बुडायला तयार असते. शेवटी बोटीवरच्या दोन पोरांनी शॅकमधली प्लास्टिकची खुर्ची आणली, आईंना तिच्यात बसवलं आणि खुर्चीसकट उचलून पाण्यातून नेलं. वरून दोघांनी काखेत हात घालून ओढून घेतलं. नऊवारीत नव्हत्या हे नशीब. किनाऱ्यावरच्या चार जणांनी मोबाइल काढून ते चित्रित केलं.

बोट निघाली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. वेळेचा मुद्दा मी मुद्दाम धरून बसलेय, कारण या किनाऱ्यावर वेळ म्हणजे समुद्र. थंडी-उन्हाळ्याच्या महिन्यांत सकाळी पाणी शांत असतं. जमीन तापली की दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा चढतात. आग्वादच्या टोकाला मांडवी समुद्राला मिळते आणि ग्रँड आयलंडला जाताना पुढे झुआरीचं मुखही ओलांडावं लागतं. ओहोटीचं पाणी नदीतून बाहेर येत असेल आणि वारा समोरून असेल तर तिथल्या लाटा उंच नसतात, पण अंतराने जवळजवळ आणि उभ्या असतात. बोट त्यांच्यावर आपटत जाते. म्हणून सकाळची फेरी मागितली होती. सकाळचं म्हणून दुपारचं देणं म्हणजे केवळ उशीर नव्हे, वेगळाच समुद्र देणं आहे. अर्थात लाटा जवळजवळ असल्या तर कॅटामरानसुद्धा हिसके देते. ती मुळीच हलत नाही असं कोणी सांगितलं तर तो विकतोय असं समजा. कुठल्याही बोटीत मधोमध, थोडं मागे बसा, पुढच्या टोकाला नको. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी तासभर घ्या. बोटीवर मळमळायला लागल्यावर घेतली तर ती गोळीही बाहेर येते, हे माझ्या नणंदेने सिद्ध केलं.

डॉल्फिन दिसले. पाठीवर कुबड असलेले, करडे, या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहणारे. ते हवेत क्वचितच झेपावतात, पाठ दाखवतात आणि जातात. तेवढंही बघणं सुंदर असतं, जर आजूबाजूला दहा-बारा बोटी इंजिनं घरघरवत त्यांना घेरून उभ्या नसतील तर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण दिलंय आणि आम्ही त्यांचा पाठलाग करत होतो. मुलगी म्हणाली, "आई, ते आपल्यापासून पळतायत." तिला काय सांगणार?

बेटाशी पोचल्यावर "स्नॉर्कलिंग" म्हणजे ट्यूबला धरून पाण्यात तोंड बुडवायचं, मागे रांग. नद्यांच्या गाळाने पाणी गढूळ, त्यामुळे मासे दिसले की आपलेच पाय, यावर घरात एकमत नाही. जेवणात भाजलेलं चिकन, पाव, कोबी-काकडीचं सॅलड. शाकाहारी म्हणजे त्यातलं चिकन वगळून उरेल ते. "जैनसुद्धा मिळेल" हे मला अजून झोपेत ऐकू येतं.

पण खरा छळ वेगळाच होता. बोटीवर संडास नव्हता. आईंनी निघाल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नाही. उन्हात, चार तासांवर, ओठ सुकलेले, आणि विचारलं की, "मला काही तहान नाही बाई." परतीच्या वाटेवर त्या बाकाची कड घट्ट धरून डोळे मिटून बसल्या होत्या. त्या चेहऱ्याकडे बघून जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. सतराशे रुपये जाऊ देत. एका पंच्याहत्तरीच्या बाईला हे सोसावं लागू नये म्हणूनच मी टेबलावर तो प्रश्न विचारला होता, आणि त्या माणसाने माझ्या डोळ्यांत बघून "एकदम क्लीन" म्हटलं होतं.

तर आता ऐका. बॅनरच्या फोटोवर पैसे देऊ नका. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, आणि बोट कोणत्या धक्क्यावरून सुटते ते लिहून घ्या. प्रवासी बोटींची नोंदणी गोव्यात बंदर कप्तान खात्याकडे असते. क्रमांक आणि किती माणसांची परवानगी आहे ते खऱ्या बोटवाल्याला लगेच सांगता येतं. जो "उद्या कळवतो" म्हणतो त्याच्याकडे बोट नाही, फक्त टेबल आहे. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बोट डोळ्यांनी बघा आणि तिथेच बोटवाल्याशी ठरवा. पैसेही कमी लागतात. आम्ही आठशेत जी फेरी केली तिचे बत्तीसशे दिले होते हे विसरू नका. मी तरी विसरत नाही.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव येतं ते वाचा. दुकानाच्या पाटीवर एक नाव, आणि फोनवर भलत्याच माणसाचं नाव आलं तर पैसे पाठवू नका, पावती मागा. पावतीवर "कॅटामरान", "धक्क्यावरून", "संडास", "सुटण्याची वेळ" हे शब्द त्याच्याच हाताने लिहून घ्या. "पिकअप" आणि "सुटणं" या दोन वेगळ्या वेळा आहेत, दोन्ही लिहा. आमच्या पावतीवर त्याने कॅटामरान असं लिहिलं होतं, कारण मी लिहायला लावलं होतं. पुढे तेच उपयोगी पडलं.

आणि संडास "आहे का" एवढंच विचारू नका, "आत जाता येतं का, की सामान ठेवून कुलूप लावलंय?" असं विचारा. वयस्कर माणसं सोबत असतील तर हा पहिला प्रश्न, डॉल्फिन नंतर.

लाइफ जॅकेटबद्दल मी भाषण देणार नाही, पण आमच्या बोटीवर निम्म्या लोकांनी ती बाकावर उशीसारखी घेतली होती आणि पोरं "फोटोपुरतं काढा" म्हणत होती. तारकर्लीला मे २०२२ मध्ये स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. २०२४ च्या डिसेंबरात आधी मुंबईत घारापुरीला निघालेली नीलकमल ही प्रवासी बोट बुडाली, मग आठवड्याभरात नाताळच्या दिवशी याच कळंगुटजवळ पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला. किनारा दिसत असतो तिथेच हे होतं. बाकी टोपी, पाणी, सनस्क्रीन, कोरडे कपडे वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

फसवणूक झालीच तर तिथेच भांडण्यात दिवस घालवू नका. बोटीचा, शिडीचा, तिच्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढा आणि घरी या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्याने भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. "परराज्यातलं गिऱ्हाईक, पुन्हा कुठे येतंय" या हिशेबावर हा सगळा धंदा चालतो.

१९१५ वर तक्रार गेली आणि इतके दिवस न लागणारा फोन आपणहून वाजला. आधी म्हणाला, पुढच्या वेळी या, फ्री फेरी देतो. मग म्हणाला, गैरसमज झाला. मग निम्मे पैसे परत आले, तेही तिसऱ्याच कुणाच्या नावाने. वर विनंती की आता तक्रार मागे घ्या. घेतलेली नाही. उरलेल्या निम्म्यांसाठी ठाण्याच्या आयोगात द्यायचा अर्ज लिहून झालाय. प्रशांत म्हणतो, "सोड ना आता." आईंचं मात्र पूर्ण समर्थन आहे, सही करायलाही तयार आहेत. त्यांची अट एकच: खुर्चीचा प्रसंग त्यात लिहायचा नाही. अर्जातून तो काढलाय. इथे लिहिलाय, ते त्यांना अजून दाखवलेलं नाही.