नामंजूर प्रस्तावाचे निदान

सोयगावसारख्या तालुक्यातील वैद्य औषधी वनस्पतींच्या प्रकल्पासाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाकडे (स्थापना २०००) अनुदान मागतो आणि ‘प्रस्ताव नामंजूर’ एवढेच उत्तर आले, तर त्याने सुधारणा कशात करावी? निदानावाचून चिकित्सा नाही, हे आपण जाणतोच. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कारण न कळल्यास १० रुपये शुल्कासह जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून निकष, गुण व छाननीचे अभिप्राय यांच्या प्रती मागाव्यात. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. ती टळल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. नकाराचे पत्र फाडू नये, ते रुग्णपत्रिकेसारखे जपावे, असे आम्ही सुचवितो.