आसिमची लस

शबाना सातवीत शिकते. तिचे घर मालेगावला आहे. तिचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. आसिम हा तिचा धाकटा भाऊ. तो अकरा महिन्यांचा होता, तेव्हाची ही गोष्ट.

एके दिवशी आसिमला ताप आला. नाक वाहू लागले. खोकला सुरू झाला. डोळे लाल झाले. चौथ्या दिवशी कानांमागे आणि चेहऱ्यावर लाल पुरळ उठले. मग ते अंगभर पसरले.

दादी म्हणाल्या, "हा खसरा आहे. औषध दिले तर पुरळ अंगातच दबते. दवाखान्यात नेऊ नका."

शबाना म्हणाली, "दादी, यालाच मराठीत गोवर म्हणतात. आमच्या बाईंनी सांगितले आहे, गोवर झालेल्या मुलाला न्यूमोनिया होऊ शकतो. आपण डॉक्टरांना दाखवू या."

दादी काही बोलल्या नाहीत. रात्री आसिमला धाप लागली. तो दूध पिईना. तेव्हा दादीच उठल्या आणि म्हणाल्या, "चला, दवाखान्यात चला."

डॉक्टरांनी आसिमला तपासले. ते म्हणाले, "न्यूमोनियाची सुरुवात आहे. वेळेवर आणलेत, बरे झाले." त्यांनी औषध सुरू केले. दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही दिला. त्यामुळे डोळ्यांचे रक्षण होते.

"याला गोवराची लस दिली होती का?" डॉक्टरांनी विचारले.

अम्मीने मान खाली घातली. "त्या दिवशी त्याला सर्दी होती. मग राहूनच गेले."

"साध्या सर्दीत लस देता येते," डॉक्टर म्हणाले. "गोवराचा विषाणू खोकल्यातून, शिंकेतून हवेत पसरतो. पुरळ उठण्यापूर्वी चार दिवस आणि नंतर चार दिवस तो दुसऱ्यांना लागतो. या विषाणूला मारणारे औषध नाही. पण लस आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण होताच आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावा. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली. तेव्हा काही मुले दगावली."

काही दिवसांनी आसिम बरा झाला. पुढे आशाताई लसीकरणासाठी गल्लीत आल्या. दादी त्यांच्याबरोबर घरोघर गेल्या. प्रत्येक दारात त्या सांगत होत्या, "माझा पहिला मुलगा खसऱ्यातच गेला. तेव्हा आम्हांला ही लस मिळत नव्हती. आता मिळते. मुलांना घेऊन या."

शबानाने ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. तिने दादींचा हात घट्ट धरला.

शब्दार्थ
यंत्रमाग – विजेवर चालणारा माग
धाप लागणे – श्वास जोरात चालणे
साथ – एकच रोग पुष्कळ लोकांना होणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. गोवराची लक्षणे कोणती?
२. आसिमला लस का दिली गेली नव्हती?
३. दादी आशाताईंबरोबर घरोघर का गेल्या?
४. वाक्यात उपयोग करा : मान खाली घालणे, राहून जाणे.
५. तुमच्या घरातील लहान मुलाचे लसीकरण कार्ड पाहा. कोणती लस केव्हा दिली, ते मराठीत लिहा.