सेल्फ मारते, पण गाडी चालू होत नाही

गाडी सेल्फ मारते आणि चालू होत नाही, तेव्हा रस्त्यावर जमलेल्यांपैकी अर्धे "बॅटरी गेली" म्हणतात आणि अर्धे धक्का मारायला मागे जातात. दोन्ही गोष्टींचा उपयोग नसतो. सेल्फ नेहमीच्या जोराने इंजिन फिरवत असेल, तर बॅटरी आणि स्टार्टर आपलं काम करताहेत. धक्क्यानेही इंजिन फिरतंच, आणि ते तर आधीच फिरतंय. कमी आहे ती दुसरीच गोष्ट. पेट्रोल पोहोचत नाही, ठिणगी पडत नाही, हवा किंवा दाब मिळत नाही, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर परवानगी देत नाही. यातलं नेमकं काय, हे ठरण्याआधी एकही पार्ट बदलू देऊ नये. हे मी पैसे मोजून शिकलो आहे.

मे महिन्यातली दुपार होती. कारंजाहून मालेगाव जहांगीरकडे येताना शेलुबाजार सोडलं आणि चालती गाडी कुणी किल्ली फिरवावी तशी बंद पडली. ना झटके, ना खोकला. सेल्फ मारला तर इंजिन छान फिरत होतं, पण पकडत नव्हतं. उन्हं उतरल्यावर तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. एका गॅरेजने प्लग बदलले. पुढच्या तापलेल्या दुपारी पुन्हा तेच. मग "पंप गेला तुमचा, भाऊ" असं सांगून टाकीतला पंप बदलला. तरीही तेच.

शेवटी वाशीममधल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पान्याला हात न लावता विचारलं, "सकाळी बंद पडते का कधी? का दुपारीच?" दुपारीच, म्हटलं. "मंग आता पार्ट नका बदलू. सेल्फ मारा अन् आरपीएमच्या काट्याकडे पाहा." काटा शून्यावरच. त्याने इंजिन बंद ठेवून क्रँक सेन्सरवर ओलं फडकं गुंडाळलं, थोडा वेळ जाऊ दिला, फडकं काढलं आणि सेल्फ मारायला सांगितलं. गाडी चालू.

इंजिनातला दांडा किती वेगाने आणि कुठल्या जागी फिरतोय, हे क्रँक सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. तो मुका झाला की कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, म्हणून तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. या सेन्सरमधली बारीक तार तापली की तुटक होते, थंडावली की पुन्हा जुळते. म्हणून गाडी गॅरेजच्या सावलीत नेली की शहाण्यासारखी वागते. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर चालवलेली माणसं उन्हाळ्यात इंजिनाच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवत, कारण तिथे पेट्रोलची वाफ अडायची. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली येतं, त्यामुळे तो त्रास फारसा उरला नाही. तरी प्रत्येक दोषासाठी पंपाकडेच पाहायची सवय काही गेली नाही.

आता तुमची गाडी अशी अडली तर माझा क्रम असा आहे.

आधी ऐका. सेल्फचा आवाज नेहमीपेक्षा हलका, भरभर आणि बिनजोराचा येत असेल तर थांबा. टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटली, सरकली असण्याची शक्यता असते, आणि सेल्फ मारत राहिलात तर व्हॉल्व्ह वाकून खर्च कितीतरी वाढतो. ती गाडी टोचन करूनच न्यावी.

आवाज नेहमीचा असेल तर किल्ली फक्त 'ऑन' करा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबा; बऱ्याच गाड्यांत ते दोनदा दाबावं लागतं. इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर कॉम्प्युटरलाच वीज मिळत नाही. फ्यूज आणि मुख्य रिले पाहा. किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. रिमोटचा सेल उतरला असेल तर बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून स्टार्ट करता येतं.

त्याच वेळी मागच्या सीटजवळ कान द्या. किल्ली ऑन केल्यावर साधारण दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती नसेल तर पंपाचा फ्यूज बघा. मग रिले बघा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो काढून इथे लावून पाहता येतो. तरीही शांतताच असेल तर एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने टाकीच्या बुडाला मुठीने ठोकावं. गाडी चालू झाली तर पंप शेवटच्या घटका मोजतोय असं समजा आणि वाटेत बंद न करता गॅरेज गाठा.

पंप वाजतोय आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय, तर इंजिन ओलं झालंय. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या अशा वेळी पेट्रोल तोडतात आणि प्लग कोरडे होतात. वास अजिबात नाही आणि काटाही हलत नाही, तर सेन्सरचा संशय घ्या. काही गाड्यांत मात्र सेल्फ मारताना काटा मुळातच हलत नाही. तुमच्या गाडीचा स्वभाव ती धड असतानाच बघून ठेवा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्या. नाहीतर स्टार्टर जळतो, बॅटरी उतरते आणि मूळ दोष शोधणंच अशक्य होतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो वेगळा भुर्दंड. प्लगची वायर काढून ठिणगी बघायचा जुना प्रयोग नव्या गाडीवर करू नका; कॉइलला हजारो व्होल्ट असतात आणि आसपास पेट्रोलची वाफ असते.

डिझेलवाल्यांनी कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारावा. नुकताच फिल्टर बदलला असेल किंवा टाकी कोरडी पडली असेल तर लाइनमध्ये हवा शिरलेली असते. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा आणि फिल्टरमधलं पाणी सोडा. कॉमन रेलच्या गाडीत इंजेक्टरचा पाइप मात्र रस्त्यावर कुणालाही ढिला करू देऊ नका. तिथे हजार बारच्या वर दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते.

सीएनजीच्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. "गॅसवरच चालते" म्हणून टाकीत नावापुरतं पेट्रोल ठेवलं की पंप कोरडा तापतो, कारण त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी धरतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप ओढतो तो तळातूनच. गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे दोषांनाही हंगाम असतो. उन्हाळ्यात सेन्सर आणि पंप रुसतात. सोयाबीनची काढणी झाली की शेतातले उंदीर बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. तेव्हा पार्टवर संशय घेण्याआधी बॉनेट उघडून टॉर्चने वायरी बघा. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी असा खर्च बहुधा नाकारते.

समृद्धी महामार्गावर ही सगळी तपासणी करू नका. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि आपल्या वाशीम जिल्ह्यातली पुष्कळ रहदारी तिकडे वळली. पण तिथे दुचाकीला बंदी आहे. म्हणजे शेलुबाजारचा ओळखीचा मिस्त्री मोटरसायकलवर पान्यांची पिशवी घेऊन तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, धोक्याचे दिवे लावा, माणसांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा आणि महामार्गाच्या हेल्पलाइनला फोन करा. तो नंबर निघण्याआधीच मोबाइलमध्ये ठेवा. अकोला-वाशीम-हिंगोलीसारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३ चालतो.

राहिला मिस्त्री. त्याला "पंप बदला" किंवा "बॅटरी बघा" असं सांगू नका, लक्षणं सांगा. गाडी चालताना बंद पडली की उभी असताना, तापल्यावर की थंड असताना, पंप वाजतो का, काटा हलतो का, कुठला दिवा लागला. मग स्कॅनर लावायला सांगा आणि कोड लिहून घ्या. पी ०३३५ आला तर तो क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. तिथेही घाई नको, कारण सर्किटमध्ये वायर आणि सॉकेटही येतात. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. आणि "बदलून बघू" असं कानावर आलं, की विचारा, "काय मोजल्यावर हा खराब आहे असं ठरवलं?" उत्तर मिळालं तर पैसे द्या. उत्तर मिळत नसेल तर टोचनचं भाडं देऊन दुसऱ्याकडे जा, तेच स्वस्त पडेल.