शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

वाचन : रूथ, अध्याय २



वृद्ध आईबापांचा मान राखावा, ही आज्ञा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ आहे. परंतु मान राखणे म्हणजे रोज काय करणे, आणि घरातील कोणी ते करावयाचे, याचा विचार क्वचितच होतो. या पाठात आपण तोच करू.

नामी वृद्ध झाली होती. तिचा पती व दोन्ही पुत्र मवाब देशात वारले होते. तिच्याबरोबर बेथलेहेमास आली ती विधवा सून. आपण बहुधा रूथच्या निष्ठेचे कौतुक करून पुस्तक मिटतो. पण दुसरा अध्याय सावकाश वाचावा. रूथ सरवा वेचावयास गेली तेव्हा बवाजाने काय केले? तिला कोणी त्रास देऊ नये अशी गड्यांस ताकीद दिली; त्यांनी भरून ठेवलेले पाणी पिण्याची तिला मोकळीक दिली; तिला जेवावयास बसविले; आणि पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम मागे टाकावयास सांगितले. तेव्हा कोठे सायंकाळी नामीच्या घरी धान्य पोहोचले. सासूस सुनेने पोसले हे खरे. पण सुनेच्या पाठीशी दुसरे कोणी उभे होते, हेही तितकेच खरे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत पुष्कळ घरांतील मुलगे पोटापाण्यासाठी पुण्यामुंबईस गेले आहेत. घरी उरते म्हातारे माणूस आणि त्याची सेवा करणारे एकच कोणी. कोठे ती सून असते, कोठे लेक, तर कोठे म्हाताराच आपल्या म्हातारीचे करितो. हे काम केवढे, ते पाहा. अंथरुणास खिळलेल्या माणसास सुमारे दर २ तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही तर टाचा, खुबे व माकडहाड या ठिकाणी कातडी लाल होऊन चिघळणाऱ्या जखमा होतात. म्हणजे दिवसरात्रीत १२ वेळा. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते. म्हणून मागितले नाही तरी घोटघोट पाणी पाजावे लागते. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यास पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांस जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अशा उन्हाळ्यात पाणी चुकले तर प्राणावर बेतते.

एका बाईने बारा वेळा उठावे, पाणी पाजावे, अंथरूण धुवावे, आणि दिवसा कपाशीही वेचावयास जावे, हे किती दिवस चालेल? ती थकते, तिचा आवाज चढतो. मग लोक म्हणतात, सून वाईट निघाली. आम्ही म्हणतो, ती एकटी पडली.

संसदेने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा केला. त्यान्वये उपेक्षित आईबापांस उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे पोटगीचा अर्ज करिता येतो. या कायद्याने अपत्ये म्हणून मुलगा, मुलगी, नातू व नात यांस धरिले आहे. सुनेचे नाव त्यात नाही. म्हणजे कायदा ज्यांस बांधतो ते पुष्कळदा दूर असतात, आणि जिला बांधीत नाही तीच उशाशी बसलेली असते. शिवाय कायदा पैसा देववील; रात्री कूस बदलावयास हात देववू शकणार नाही.

ही गोष्ट आपल्याच प्रांतातील एका पुरुषाने ओळखली होती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले व १९५६ साली वारलेले गाडगे महाराज यांचा मार्ग आपला नव्हे. तथापि चांगले जेथे दिसेल तेथून शिकावे. त्यांनी मुंबईस जे. जे. इस्पितळापाशी धर्मशाळा उभारविली, ती रोग्यांच्या नातलगांकरिता. रोग्यास खाट मिळते. पण त्याच्याजवळ जागणाऱ्याने पाठ कोठे टेकावी, हा प्रश्न त्यांस पडला.

तेव्हा उपदेशक बंधूंनी पुढील गोष्टी कराव्या. ज्या घरी अंथरुणास खिळलेले माणूस आहे, तेथे आठवड्यातून एक रात्र व एक दुपार मंडळीतील दोघांनी वाटून घ्यावी, म्हणजे सेवा करणारीस झोप मिळेल. कूस बदलण्याची रीत उपकेंद्रातील परिचारिकेकडून शिकून घ्यावी. ६५ वर्षांवरील निराधार माणसाचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कचेरीत भरून द्यावा. १४५६७ हा ज्येष्ठांच्या साहाय्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक मंदिराच्या दारावर लिहावा. आणि दूरच्या मुलांस केवळ पैसे मागू नयेत. वर्षातून काही दिवस घरी येऊन ती पाळी स्वतः घ्या, असे स्पष्ट सांगावे.

विचारण्याचे प्रश्न : १. बवाजाने रूथला कोणकोणते साहाय्य केले? २. आपल्या गावी नामी कोण, आणि रूथ कोण? ३. या आठवड्यात तिच्यासाठी कोणती कणसे आपण मुद्दाम मागे टाकणार?