पुरुषांसाठी संततिनियमनाचे रोपण : शक्यता आणि मर्यादा

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यास शतक उलटले, तरी पुरुषांसाठी निरोध व नसबंदी हीच दोन प्रमुख साधने आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात स्त्री-शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-शस्त्रक्रियेचे अवघे ०.३ टक्के होते. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. परंतु १९७५-७७ मधील सक्तीची आठवण आणि पौरुष घटण्याची निराधार भीती आडवी येते. पुन्हा मूल हवे झाल्यास काय, ही शंका मात्र रास्त होय.

संप्रेरक-रोपणाचा विचार याच शंकेतून पुढे आला. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी वृषणांना कार्यप्रवृत्त करते. दंडाच्या कातडीखाली बसविलेल्या बारीक कांडीतून प्रोजेस्टिन हळूहळू रक्तात मिसळले, की या ग्रंथीची आज्ञा थांबते व शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते. त्याबरोबर टेस्टोस्टेरॉनही घटत असल्याने ते वेगळे पुरवावे लागते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून परिणाम तत्काळ दिसत नाही, आणि कांडी काढल्यावर प्रजननक्षमताही काही महिन्यांनीच परतते.

अशा रोपणांचे प्रयोग परदेशांत झाले, तथापि औषध कंपन्यांनी पुढे ते काम सोडले. याच तत्त्वावरील, दर ८ आठवड्यांनी द्यावयाच्या इंजेक्शनची चाचणी ३२० पुरुषांवर झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम उत्तम होता, परंतु मनःस्थितीतील बिघाड व अन्य तक्रारींमुळे चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. स्त्रियांनी गोळ्यांचे असेच त्रास वर्षानुवर्षे सोसले आहेत, याचा येथे विसर पडू नये.

शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावात ग्रामसभेत हा प्रश्न निघाल्यास पंचायत सदस्यांनी स्पष्ट सांगावे, की पुरुषांसाठी असे रोपण अद्याप उपलब्ध नाही. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना तर आवर्जून सावध करावे. त्यांनीही शुक्रजंतू घटतात, आणि ते पूर्ववत होण्यास कित्येक महिने, क्वचित अधिक काळ लागतो. नसबंदी करून घेणाऱ्यानेही ३ महिने अन्य साधन वापरावे व वीर्यतपासणीनंतरच ते सोडावे.