विस्मरणाच्या वाटेवर यंत्रांची सोबत

दरवर्षी २१ सप्टेंबर हा दिवस जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशातील साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेला एक अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असून रुग्णांची संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. प्रस्तुत लेखक वैद्यकीय व्यावसायिक नाही. तथापि नोंदणी कक्षात व देयकांच्या खिडकीपाशी रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्रित मांडली आहेत.

आधी निदान, मग साधन

प्रत्येक विस्मरण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य अथवा काही औषधे यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते व योग्य उपचारांनी ती सुधारू शकते. काही तासांत किंवा दिवसांत अचानक भ्रम झाल्यास विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. दृष्टी व श्रवण यांचीही तपासणी करून घ्यावी. घंटी ऐकूच येत नसेल, तर उत्तम दूरध्वनीही निरुपयोगी ठरतो.

जुनी सवय हेच भांडवल

अल्झायमर आजारात सर्वसाधारणपणे नव्या घटनांची स्मृती प्रथम क्षीण होते. हातवळणी पडलेली कामे त्यामानाने पुष्कळ काळ टिकून राहतात. म्हणून नवे साधन आजाराच्या प्रारंभीच द्यावे व रोज ठरावीक वेळी, त्याच क्रमाने त्याचा सराव करून घ्यावा. एका निवृत्त शिक्षिकेला मुलाने प्रेमाने नवा स्मार्टफोन आणून दिला. त्यानंतर त्यांनी फोन करणेच सोडले. जुना, बटणांचा फोन पूर्वीच्याच कोनाड्यात परत ठेवल्यावर त्यांचे बहिणीशी बोलणे पुन्हा सुरू झाले. साधनाची नवलाई आपल्याला सुखावते, रुग्णाला मात्र ओळखीचा आधार हवा असतो.

औषधांची आठवण

मोबाइलचा गजर वेळ सांगतो. गोळी घेतली की नाही, हे सांगत नाही. गजर बंद करून रुग्ण पुन्हा विसरू शकतो किंवा तीच गोळी दोनदा घेऊ शकतो. यास्तव गजराच्या जोडीला वारांचे खण असलेला गोळ्यांचा डबा ठेवावा. रिकामा खण पाहून घरच्यांना खात्री करता येते. गजरासाठी मुलाच्या वा सुनेच्या आवाजात, “आई, सकाळची गोळी घ्या,” असे ध्वनिमुद्रण करून ठेवल्यास अपरिचित घंटीपेक्षा ते अधिक उपयोगी पडते. वार, तारीख व सकाळ-संध्याकाळ मोठ्या अक्षरांत दाखविणारे घड्याळही वारंवार विचारावे लागणारे प्रश्न कमी करते.

घराबाहेर पडताना

ठावठिकाणा कळविणारे घड्याळ उपयुक्त असले, तरी ते रोज चार्ज करावे लागते व इमारतीच्या आत त्याची अचूकता कमी होते. म्हणून नाव व नातेवाइकाचा क्रमांक लिहिलेले कार्ड नेहमी खिशात असावे. असे साधन रुग्णास समजावून, त्याच्या संमतीने वापरावे. गुपचूप ठेवलेली पाळत लक्षात आल्यास विश्वास उडतो आणि सन्मानालाही धक्का लागतो.

पैशांचे व्यवहार

येथे विलंब सर्वांत महाग पडतो. ओटीपी कोणालाही न सांगण्याची सूचना विसरली जाऊ शकते. म्हणून व्यवहारांची मर्यादा कमी करून घ्यावी व त्यांचे संदेश विश्वासू नातेवाइकाकडेही जातील अशी व्यवस्था शक्य तेथे करावी. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. अनेक कुटुंबे मुखत्यारपत्रावर विसंबून राहतात. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारी व्यक्ती विकल मनाची झाल्यास तो अधिकार संपुष्टात येतो. तेव्हा संयुक्त खाते, नामनिर्देशन व मृत्युपत्र हे विषय रुग्णाचे आकलन शाबूत असतानाच, वकिलाच्या सल्ल्याने मार्गी लावावेत. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहऱ्याच्या पडताळणीने घरबसल्या देण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. तिचा लाभ घ्यावा.

यंत्राची मर्यादा

आजार पुढे सरकतो, तसे आज जमणारे साधन उद्या जमेनासे होते. तो रुग्णाचा हट्ट वा निष्काळजीपणा नव्हे, हे घरातील प्रत्येकाने ध्यानी घ्यावे. दर काही महिन्यांनी साधनांचा आढावा घेऊन नको असलेले काढून टाकावे. शुश्रूषा करणाऱ्यालाही विश्रांती हवी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर मार्गदर्शन मिळू शकते. यंत्राने वाचविलेला वेळ त्या वृद्ध व्यक्तीजवळ बसण्यात खर्ची पडला, तरच त्या यंत्रावरील खर्च सार्थकी लागला असे आमच्या जमाखर्चाच्या भाषेत म्हणता येईल.

– प्रशासकीय अधिकारी